खैरुनबी डोंगरावर राहिली

बाभुळगावात खैरुनबीचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एकच भिंत आहे. मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. आता निवृत्त झाले, तरी सगळी गल्ली मला अजून सिस्टरच म्हणते, खैरुनबीसुद्धा. तिचा नवरा कय्युम ट्रॅक्टरचा मिस्त्री होता. पोरगी शाळेत असतानाच तो वारला. पिको-फॉल करून, ब्लाउज शिवून खैरुनबीनं तमन्नाला वाढवलं, लॅबचं शिक्षण दिलं, आणि तमन्ना नागपूरला एका पॅथॉलॉजीत नोकरीला लागली.

तमन्ना बोलकी नव्हती. सुटीत घरी आली की माझ्या ओट्यावर बसून चहा प्यायची आणि मोबाइलवर डोंगरांचे फोटो दाखवायची. "मावशी, इथं एकदा जायचं," एवढंच म्हणायची. एका वर्षी दिवाळीच्या आधी सुटी काढून ती खरंच गेली. पुण्याची एक कंपनी होती, डोंगरात फिरायला नेणारी. उत्तराखंडात जंगलातून, गावांतून चालत जायचं, तंबूत राहायचं, शेवटी बर्फातल्या एका शिखरावर चढून परत यायचं. बरोबरची सगळी माणसं अनोळखी. खैरुनबीनं तिला अडवलं नाही. उलट गल्लीभर सांगत फिरली, "माही तमन्ना बरफ पाह्याले गेली."

फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. भिंतीपलीकडून काही पडल्याचा आवाज झाला. जाऊन पाहते तर खैरुनबी जमिनीवर बसलेली, फोन कानाशी तसाच. "सिस्टर, हे काय सांगून राह्यले पाह्य बरं. मले समजून नाई राह्यलं."

फोनवरचा माणूस सांगत होता की तमन्ना सापडत नाही.

पुढे जे कळलं ते तुकड्यातुकड्यांनी कळलं. शिखरावर चढायच्या दिवशी तमन्नाला उलट्या झाल्या. ती वाटेतून एकटीच परत फिरली. खाली तंबू होते, तिथं स्वयंपाकी होता. संध्याकाळी बाकीची मंडळी उतरली तर तमन्ना तंबूत नव्हती. मग बर्फ पडायला लागला. पोलीस गेले, शोधणारी पथकं गेली, कुत्रे नेले. बर्फ वाढत गेला तसे सगळे परतले. कंपनीचे साहेब सुरुवातीला रोज फोन करायचे, मग आठवड्याला, मग त्यांचा नंबरच लागेना.

इकडे लोक येऊन बसायचे. जमातीतले मोठे लोक म्हणाले, "भाभी, कुराणखानी करून टाका. पोरीच्या नावानं फातिहा द्या. तिच्या जिवाले सुकून भेटंल." खैरुनबी सगळ्यांना चहा द्यायची आणि एकच विचारायची, "मेली हे कोनी पाह्यलं काय?" चाळिसावं तिनं होऊ दिलं नाही.

थंडीत एकदा ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मी त्या गाईडले फोन लावला."

"कोन्या गाईडले?"

"ज्यानं तिले सोडलं त्याले. पोलिसाइनं नंबर देल्ता. दीवानसिंग नाव हाय त्याचं."

"काय म्हनाली तू त्याले?"

"म्हनलं, जिथून तू माही पोरगी एकटी धाडली, तिथी मले ने. तो म्हने, आता बरफ हाय, जून मयन्यात या. मी जाऊन राह्यली, सिस्टर. तू येतं काय?"

तिला साखरेचा आजार, गुडघे धरलेले. कळंब रोडला भाजी घ्यायला जायची तरी मध्ये दोनदा बसायची. मी हे सगळं तिला सांगितलं. ती ऐकून घेऊन घरी गेली. दुसऱ्या दिवसापासून पहाटेची नमाज झाली की ती त्याच रस्त्यानं चालायला लागली. महिन्याभरानं मीही तिच्यासोबत निघू लागले. एकटीला पाठवणं माझ्यानं होणार नव्हतं.

जूनमध्ये आम्ही नागपूरहून रेल्वेनं दिल्ली, तिथून बसनं डेहराडून आणि मग जीपनं रस्ता संपेपर्यंत गेलो. जिथं रस्ता संपला तिथं दीवानसिंग उभा होता. तिशी उलटलेला, बुटका, उन्हानं गाल करपलेले. कंपनीनं सगळा दोष त्याच्या माथी मारून त्याला काढून टाकलं होतं. पोलिसांनी गुन्हाही त्याच्याच नावावर लिहिला होता. तो खैरुनबीच्या पाया पडायला वाकला. ती मागे सरकली.

"चलो," एवढंच म्हणाली.

पहिल्या दिवशी जंगल. आमच्याकडे झरी जामणीच्या बाजूला जंगल आहे, पण उन्हाळ्यात त्या सागाखाली सावली नसते. इथं भर दुपारी अंधारल्यासारखं होतं. बांज नावाची जुनी झाडं, खोडांवर शेवाळ, पायाखाली कुजलेला पाला. खैरुनबी काठी टेकत चढायची. दीवान पुढे जाऊन थांबायचा, ती जवळ आली की पुन्हा चालायचा. ती त्याच्याशी एक शब्द बोलत नव्हती. पाणी पाहिजे असलं तरी मला सांगायची, "त्याले म्हन, थांब."

संध्याकाळी त्याचं गाव आलं. उतारावर पंधरा-वीस घरं, छपरांना दगडाच्या पाट्या. दीवानची आई सुरजी दारात उभी होती. हडकुळी, पाठीतून वाकलेली. तिनं पाण्याचा गडवा पुढे केला. खैरुनबीनं हात पुढे केला नाही.

"मी ह्या घरचं पानी पिनार नाई," ती मला म्हणाली. सुरजीला आमची भाषा कळली नाही, पण अर्थ कळला. तिनं गडवा उंबऱ्यावर ठेवला आणि आत गेली. आम्ही त्यांच्या खळ्यात तंबू लावला आणि सोबत आणलेल्या चिवडा-पोळ्या खाल्ल्या. आतून चुलीचा धूर येत होता आणि म्हातारी खोकत होती.

दुसऱ्या दिवशी झाडं संपत गेली. वर गवताचे उतार लागले, बुग्याल म्हणतात त्याला तिकडे. मेंढ्यांचे कळप वर चढत होते. वाटेत एका दगडाशी खैरुनबी बसली आणि पहिल्यांदाच तिनं दीवानला सरळ विचारलं, "बता. क्या हुआ था?"

तो हिंदीत सांगत होता, मी माझ्या शब्दांत सांगते. कंपनीनं चौदा माणसांमागे एक गाईड आणि एक मदतनीस दिला होता. मदतनीस पुढे बर्फात पायऱ्या खोदत होता. दीवान सगळ्यात मागे होता. तमन्ना उलटी करून खाली बसली. तो म्हणाला, थांब, सगळ्यांना परत फिरवतो. ती म्हणाली, नको, माझ्यामुळे सगळ्यांचं कशाला वाया घालवता? तंबू इथून दिसतोय, मी जाते. आणि तंबू खरंच दिसत होता. पिवळा. पुढच्या लोकांनी हाका मारायला सुरुवात केली होती, उशीर होतोय म्हणून. ती एका उंचवट्यामागे जाईपर्यंत त्यानं पाहिलं. मग तो वर वळला. थोड्या वेळानं ढग खाली आले.

"उसने कहा, और तूने मान लिया?" खैरुनबीनं विचारलं.

"जी माँजी."

"तेरी बहन होती तो?"

मान खाली घालून तो गवत उपटत बसला. खैरुनबीनं काठी हातात घेतली. मला वाटलं, ही आता त्याच्या थोबाडीत मारणार. ती काठी टेकून उठली आणि चालायला लागली.

तंबू लावायची जागा एका ओढ्याच्या काठी होती. तिथं एक मुक्काम करून सकाळी आम्ही वर चढलो. श्वास पुरत नव्हता. मी तिची नाडी पाहत होते आणि मनात म्हणत होते, हिला इथं काही झालं तर मी कोणाला तोंड दाखवू? शेवटी दीवान एका काळ्या खडकापाशी थांबला. "यहाँ," तो म्हणाला.

खाली ओढा दिसत होता आणि काठावर आमचा तंबू, अगदी हाताशी असल्यासारखा. हवा स्वच्छ होती. इतक्या जवळ जाता जाता माणूस हरवतं कसं, मला समजेना. खैरुनबी खडकाला टेकून उभी राहिली. रडली नाही. खालचा उतार नीट न्याहाळला, मग मला म्हणाली, "मी जाते आता खाली. एकटी."

"काहून?"

"ती जशी गेलती तशी. मले वाट मालूम नाई, तिलेही नोहती. तुमी इथीच राहा. कोनी सांगू नका मले, इकडे जा का तिकडे जा."

दीवान नाही म्हणाला. हात जोडले. ती त्याला म्हणाली, "उस दिन नहीं रोका. आज मत रोक."

ती निघाली. काठी टेकत, बाजूबाजूनं पाय टाकत. हिरव्या ओढणीची टोकं वाऱ्यानं उडत होती. उंचवट्याच्या पलीकडे ती दिसेनाशी झाली. दीवान खालच्या बाजूला बोट दाखवून म्हणाला, आता ती तिथं बाहेर पडेल. आम्ही दोघं तिथं पाहत राहिलो. ती बाहेर पडली नाही. मी त्याच्याकडे पाहिलं. तो पळत सुटला आणि मी जमेल तशी मागून गेले.

उंचवट्यामागे वाट फुटत होती. खरी वाट दगडांमधून डावीकडे वळत होती, आणि पटकन नजरेत येत नव्हती. सरळ जाणारी दुसरी वाट मेंढ्यांनी तुडवून तुडवून रुंद झालेली होती. नवख्या माणसाचे पाय तिकडेच वळणार. दीवान लहानपणापासून इथं येत होता. इथं दोन वाटा आहेत हे त्याला कधी जाणवलंच नव्हतं.

खैरुनबी त्या सरळ वाटेच्या टोकाला बसली होती. पुढे गवत एकदम संपत होतं. खाली एक अरुंद घळ, तिच्या तळाशी मळका, घट्ट बर्फ साचलेला, आणि त्याच्या खालून पाण्याचा आवाज येत होता. ढगात इथं कोणी आलं तर पुढचं पाऊल हवेतच पडणार.

"अव्, मागं सरक," मी ओरडले.

ती सरकली नाही. नेहमीच्या आवाजात म्हणाली, "सिस्टर, माही पोरगी इथी हाय."

दीवान तिच्या मागे गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला. त्या वर्षी सगळ्यांनी खऱ्या वाटेच्या दोन्ही बाजू आणि खालचा ओढा पिंजून काढला होता. ही घळ लोकांनी वरून पाहिली होती, तोवर ती बर्फानं भरून गेली होती.

आम्ही गावात उतरलो. दीवाननं पोलिसांना कळवलं. ते आले, पाहून गेले. म्हणाले, खाली उतरणं धोक्याचं आहे, बर्फ पोकळ झालेला असतो. पावसाळा सरता सरता तो आपोआप वितळेल, तेव्हा शोधू. तुम्ही घरी जा, आम्ही कळवतो.

घरी माझ्या सुनेचे, पायलचे, दिवस भरत आले होते. मला परतणं भाग होतं. मी सामान बांधायला लागले. खैरुनबीनं तिच्या पिशवीला हात लावला नाही.

"मी नाई येत," ती म्हणाली.

"अव्, पावसाळाभर इथी राह्यशीन? कोनाच्या घरी?"

सुरजी दारात धान्य पाखडत होती. खैरुनबीनं तिच्याकडे पाहिलं. "यायच्या घरी," ती म्हणाली. "दुसरं कोन हाय इथी? तिले एकटी सोडून मी जाऊ काय? पुन्हा?"

मग ती सुरजीजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "पानी दो." सुरजीनं सूप खाली ठेवलं आणि पाणी आणलं.

मी एकटीच परत आले. पूर्ण वाटभर स्वतःवर आणि तिच्यावर चिडत आले.

तो पावसाळा तिनं कसा काढला हे मला फोनवरून कळत गेलं. गावात रेंज नव्हती. वरच्या पाणवठ्याजवळ जाऊन तिला फोन करावा लागायचा. बायकांना ती हातशिलाईनं ब्लाउज शिवून द्यायची, सुरजीसोबत गवत कापायला जायची. सुरजीची पहाडी हिला कळत नसे, हिची हिंदी सुरजीला अर्धी कळायची. "बोलनं कायले लागते?" ती म्हणायची. गावात काहींना तिचं राहणं आवडलं नाही. मुसलमान बाई देवाच्या डोंगरावर कशाला, असं एकजण सुरजीच्या तोंडावर म्हणाला. सुरजीनं त्याला काय उत्तर दिलं ते खैरुनबीला समजलं नाही, पण तो माणूस पुन्हा त्या अंगणात आला नाही.

खैरुनबीच्या पायाला जळू लागून जखम झाली. साखरेच्या माणसाची जखम. मी फोनवर ओरडायचे, खाली उतर, दवाखान्यात जा. ती म्हणायची, "हो, जाते." गेली नाही.

दीवान पाऊस उघडला की घळीकडे जाऊन यायचा. भादव्यात एक दिवस तो परत आला आणि आईकडेही न बघता खैरुनबीसमोर येऊन उभा राहिला. तिनं शिवण खाली ठेवली. घळीत तमन्ना दिसली होती.

पोलीस आल्यावर दोर लावून तोच खाली उतरला. दुसऱ्या कोणाला त्यानं उतरू दिलं नाही. जे उरलं होतं ते त्यानं कापडात बांधून वर आणलं. अधिकारी म्हणाले, बाई, तुम्ही पाहू नका. ती म्हणाली, "मैंने पैदा किया है, मैं देखूँगी." तिनं पाहिलं. बूट ओळखले. यवतमाळच्या दुकानातून दोघींनी मिळून घेतले होते ते. त्यानंतर दोन दिवस सुरजी तिच्याजवळून हलली नाही, असं दीवाननंच मला नंतर सांगितलं.

पुढे डेहराडूनला ओळख पटवायला खैरुनबीच्या रक्ताची तपासणी, कागद, वाट पाहणं. थंडी लागली तेव्हा कुठे तमन्ना तिला मिळाली, एका लाकडी पेटीत. खैरुनबी तिला घेऊन बाभुळगावला आली. पेटीला हात लावायला सोबत दीवान होता.

सगळं गाव जमलं. तिची रया गेली होती. डाव्या पायाला फडकं गुंडाळलेलं, चालताना लंगडत होती. मशिदीसमोर जनाज्याची नमाज झाली. पुरुषांनी जनाजा उचलायला घेतला तेव्हा दीवान मागे भिंतीशी उभा होता. तो कोण हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. कय्युमचा पुतण्या मोईन त्याच्याकडे पाहत होता, आणि ते पाहणं चांगलं नव्हतं.

खैरुनबी दारातून म्हणाली, "मोईन, याले खांदा देऊ दे."

"चाची! याच्यामुळंच तर..."

"मालूम हाय मले. त्यानंच सोडलं तिले आन् त्यानंच हुडकून आनलं. देऊ दे."

मोईन बाजूला झाला. दीवाननं डोक्यावर रुमाल बांधला आणि खांदा दिला. आम्ही बायका कबरस्तानाच्या फाटकाबाहेर थांबलो. आत जायची चाल नाही. जी बाई पोरीसाठी त्या घळीच्या काठापर्यंत गेली होती, ती तिच्या कबरीपासून शंभर हातांवर रस्त्याच्या कडेला बसून राहिली. आतून मातीचे आवाज येत होते. तिनं माझा हात घट्ट धरला होता. इतका, की माझी बोटं सुन्न झाली.

दुसऱ्या सकाळी दीवान निघाला. बसजवळ त्यानं तिला विचारलं, "माँजी, माफ किया?"

तिनं विचार केला. मग म्हणाली, "नहीं. कोर्ट में मैं झूठ नहीं बोलूँगी. तूने छोड़ा, वो बोलूँगी. तूने लाया, वो भी बोलूँगी."

तो म्हणाला, "ठीक है, माँजी," आणि बसमध्ये चढला.

तिच्या पायाची दोन बोटं यवतमाळच्या दवाखान्यात काढावी लागली. ड्रेसिंग मी करत होते. पुढल्या वर्षी तिकडच्या खटल्यात तिची साक्ष झाली, यवतमाळच्या कोर्टात बसून, व्हिडिओच्या पडद्यावर. जे सांगेन म्हणाली होती तेच तिनं सांगितलं. एका गाईडवर किती माणसं सोपवली होती तेही सांगितलं. कंपनीचा वकील म्हणाला, गाईड आमचा नोकर नव्हता, ठेक्यावर होता. कंपनी सुटली. दीवानला एक वर्षाची शिक्षा झाली.

निकाल कळला त्या दिवशी मी तिच्याकडे गेले. वाटलं होतं, तिला काहीतरी बरं वाटलं असेल. ती फोन कानाला लावून बसली होती. पलीकडे सुरजी होती. ती पाणवठ्यापर्यंत चढून आली होती आणि रडत होती. मलासुद्धा ऐकू येत होतं. खैरुनबी मधूनमधून नुसतं "हाँ" म्हणत होती. मी चहा ठेवला, गाळला, तिच्यापुढे कप सरकवला. तिनं हातानं मला थांब म्हणून खूण केली आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

"रो लो," ती म्हणाली. "मैं फोन नहीं रखती."

चहा निवला. मी तो पुन्हा गरम करायला ठेवला.